तयार हात

१९८३ साली, शाळा उघडली त्याच आठवड्यात, जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाकडून सातवीच्या मुलांसाठी हात आले. एसटीच्या टपावरून आले. लाकडी पेटी, आत धानाचा कोंडा आणि कोंड्यात सुतळीने जोडीजोडीने बांधलेले हात. वर परिपत्रक होतं. विषय: व्यवसायसज्जता. प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या भावी व्यवसायास अनुरूप हात बसवून घ्यावेत, जुने हात त्याच पेटीत भरून परत करावेत, मोडतोड झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.

सातवीचा वर्ग इंदुमती लांजेवार बाईंचा. बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि मुख्याध्यापक गोन्नाडे सरांना विचारलं, "जुने हात तिथे काय करतात, सर?"

"ते आपल्या कक्षेत येत नाही," सर म्हणाले. "आपण फक्त सज्ज करायचं."

गाव वैनगंगेच्या अलीकडचं, धानाचं. त्या काळी शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास हस्तव्यवसायाचा असे. टकळीवर सूत काढायचं, रद्दीच्या लगद्याच्या वाट्या करायच्या, पुठ्ठ्याची पेनदाणी. सूत तुटायचं, वाट्या गळायच्या आणि पेनदाणी बहुतेक वेळा कलती व्हायची. पण त्या तासाला मुलांचे हात बघत बसायला बाईंना आवडे. कशाला लागतील याचा पत्ता नसलेले, मातीने भरलेले, एकमेकांच्या पाठीत चिमटे काढणारे हात. आता त्याच तासाला हात बसवायचं काम सुरू झालं.

काम अवघड नव्हतं. बरणीचं झाकण उघडावं तसा मनगटाशी हात फिरवला की सुटायचा, नवा उलट फिरवला की बसायचा. दुखत नसे. गुदगुल्या झाल्यासारखी मुलं हसत. देवाजीला कारकुनाचे हात आले, मधल्या बोटावर शाईचा डाग आधीपासूनच. त्याच्या बापाने गावभर पेढे वाटले. कुसुमला नर्सचे हात आले, तिने बसल्याबसल्या शेजारणीची नाडी धरली.

"किती ठोके गं?" शेजारीण म्हणाली.

"मले काय मालूम? हातायले मालूम."

सगळे हात मोठ्या माणसांचे होते. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातून ते गुडघ्यापर्यंत लोंबायचे. प्रार्थनेला मुलं हात जोडून उभी राहिली की गावातली कर्ती माणसं ओळीत गुडघ्यांवर बसली आहेत असं लांबून वाटे. शेवटच्या तासाला आता कोणी चिमटे काढत नव्हतं. हात कामाला लागलेले असत आणि मुलं खिडकीबाहेर बघत असत.

शेवटी रेवता कावळे राहिली. आई धानाच्या गिरणीत कामाला, बाप नाही. रेवताचे हात एका गोष्टीवर टिकत नसत. आज कंदिलाची वात वळायची, उद्या फुटलेल्या पाटीला तारेने शिवायची, परवा नुसतीच बाकावर ठेका धरायची. बाई रागवायच्या आणि तिने शिवलेली पाटी मात्र घरी नेऊन ठेवायच्या. कार्यालयाने आधी मागवलेल्या यादीत, भावी व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी तिच्यापुढे "अजून ठरलेले नाही" असं लिहिलं होतं. बाईंना ते चांगलं लक्षण वाटलं होतं.

पेटीत रेवताच्या नावाचे निघाले ते भांडी घासणारे हात. पाण्याने आधीच सुरकुतलेले, नखांत राख.

"कार्यालयाने ठरवलं," गोन्नाडे सर म्हणाले. "ज्यांचं ठरत नाही त्यांचं ते ठरवतात."

"पण पेटीत अजून हात आहेत, सर. हे बघा, डॉक्टरचे आहेत. बटर पेपरात गुंडाळून ठेवलेत."

"ते विद्याधर सोनकुसरेचे आहेत."

बाईंनी बटर पेपर पुन्हा गुंडाळला. विद्याधर सोनकुसरे नावाचा मुलगा नव्हता. पट कमी भरला की शिक्षकाचं एक पद जातं, म्हणून सरांनी जी नावं चढवली होती त्यांतलं ते एक. सगळ्याच शाळा चढवत. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावांतून तेवढी मुलं उसनी आणायची, त्यांना नवी नावं पाठ करायला लावायची, साहेबांची जीप गेली की चिवडा देऊन बैलगाडीने परत पाठवायची. पुढच्या आठवड्यात त्या शाळेची तपासणी असली की आपली मुलं तिकडे जात. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. साहेबांनाही ठाऊक होतं. तेच चेहरे त्यांना तीन गावांत भेटत आणि ते प्रत्येक गावात चहा पीत.

"जो नाहीच त्याला डॉक्टरचे हात, आणि जी समोर उभी आहे तिला राखेचे?"

"बाई, तुम्ही भलतंच मनावर घेता. नाव वेगळं आहे. नाव वेगळं असलं तर मी तरी काय करू?"

डॉक्टरचे हात कपाटात गेले. दुपारच्या शांततेत ते आतून कपाटाची फळी ठोकून बघत, छाती तपासतात तसे.

रेवता पाठीमागे हात बांधून उभी होती. "बाई, मले नाही पायजे ते हात. माह्या आईचे तसेच हायेत. घरी एक जोडी हाये ना."

बाईंनी आठवडा रेटला. आज मुलीला ताप आहे, उद्या तिच्या मनगटावर पुरळ आहे. मग विस्तार अधिकारी निखाडे साहेब तपासणीला आले. त्यांनी वर्गातून फिरत प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन केलं. ती तपासणीची नवी पद्धत होती. शेवटच्या बाकाशी आले आणि थांबले, कारण त्यांच्या हातात एक लहान हात आला.

"हा कुणाचा?"

"माझा," रेवता म्हणाली.

"गोन्नाडे, ही मुलगी सज्ज नाही."

गोन्नाडे सरांनी पेटीतून राखेचे हात काढले. साहेबांनी रेवताचं मनगट धरलंच होतं. ते फिरवणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, ती आमची नाही. उसनी आहे. पट भरायला आणलीय."

साहेबांनी हात सोडला आणि ते मनापासून हसले. "मग आधी सांगायचं ना, बाई! उगीच सरकारी माल वाया गेला असता."

बाईही हसल्या. वर्गातली मुलंही हसली. जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "उद्याच्या उद्या जिथली तिथे परत करा."

दुसऱ्या दिवशी रेवता शाळेत आली तेव्हा तिच्या बाकावर तिच्यापुरती जागा नव्हती. बाक तेवढाच होता, मुली तेवढ्याच होत्या.

"बाई, ही कोन व्हय?" कुसुमने विचारलं. पहिलीपासून ती रेवताच्या डब्यातली चटणी खात आली होती.

"कुसुम, आगाऊपणा नको."

"आगाऊपणा नाही जी, बाई. खरंच इचारते. कोन्या गावची हाये?"

बाई रेवताचा हात धरून गिरणीत गेल्या. तिची आई तूस सारत होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाईंना बसायला पोतं दिलं.

"पोरगी गुणाची हाये, बाई. अजून दोन दिस ठेवली असती मी. पन दुसऱ्याचं लेकरू किती दिस ठेवाव? तिची मायही वाट पाहत असन."

"अगं, तूच तिची आई आहेस."

"नाही जी. थे उसनी आलती. तुमीच सांगतलं ना साहेबायले?"

 आईच्या डब्यातले दोन मुरमुरे रेवताने उचलले आणि नंतर परत ठेवले.

बाईंनी रविवारी तिला शेजारच्या गावी नेलं. तिथल्या मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून तिच्याकडे नीट पाहिलं. "उसनी आहे, बघता क्षणी कळतं," ते म्हणाले. "पण आमची नाही. आमची सगळी परत आलीत." त्याच्या पुढच्या गावी तेच, त्याच्याही पुढच्या गावी तेच. तालुक्याच्या शाळेत एका शिपायाने तिला ओळखल्यासारखं केलं.  मग तो म्हणाला, "हो, हिला पाहिलीय. तपासणीला आली होती. उसनी."

रेवता बाईंच्या खोलीत राहू लागली. तिने चुलीची वाकडी फुंकणी सरळ केली, खिडकीला सुताचं जाळं विणलं आणि मध्येच सोडून दिलं. तिचे हात तिचेच होते. ते मोठे झाले नाहीत, आणि ती मोठी झाली नाही. पुढच्या जूनमध्ये ती सातवीतल्या मुलीएवढीच होती. त्याच्या पुढच्याही.

"बाई, मी सांगून पाहू का त्यायले, का मले ते हात द्या?" एकदा तिने विचारलं.

बाईंनी तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गोन्नाडे सरांकडे नेलं. राखेचे हात तोवर दुसऱ्या एका मुलीला बसवले होते.

"आणि बसवायचे तरी कुणाला?" सर म्हणाले. "आपल्या शाळेची मुलगी हवी ना."

परिपत्रकं येतच राहिली. दर चार-पाच वर्षांनी विषयाचं नाव बदले, खालची सही बदले. आधी हात सातवीला येत, मग पाचवीला येऊ लागले. हल्ली ते अंगणवाडीतच येतात म्हणे, आणि बाळं खुळखुळा धरत नाहीत.

गोन्नाडे सरांचा जिल्ह्यात सत्कार झाला. पट शेवटपर्यंत भरलेला होता. निखाडे साहेब चढत चढत पुण्याला गेले आणि तिथून परिपत्रकं लिहू लागले. देवाजी तालुका कचेरीत लागला, पण हात त्याच्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते. ते निवृत्त झाले तेव्हा तो ऐन उमेदीत होता. त्यांना पेन्शन बसली, ते मांडीवर पडून असतात, आणि देवाजीला त्याची बायको भरवते. डॉक्टरचे हात कपाटात वाळले. शाळेची इमारत पाडली तेव्हा मजुरांनी ते बाहेर ठेवले, विद्याधर सोनकुसरे येऊन नेईल म्हणून. कुसुम जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स झाली.

लांजेवार बाई दर जूनला रेवताला एका नव्या शाळेच्या फाटकाशी नेत राहिल्या. निवृत्तीनंतरही नेत राहिल्या, आधी पायी, मग रिक्षाने. मग त्यांना चालवेना, आणि एका दुपारी त्यांना कुसुमच्याच वॉर्डात आणून ठेवलं. रेवता खाटेशी स्टुलावर बसली होती, शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये. कुसुमच्या हातांनी बाईंची नाडी धरली. कुसुम दुसरीकडे बघत होती.

"बाई, नातेवाईकाचं नाव सांगा. ही पोरगी कोणाची?"

बाईंनी एवढी वर्षं हा शब्द साठवून ठेवला होता. त्या उशीवरून थोड्या उठल्या, रेवताकडे पाहिलं आणि "माझी" म्हणायला तोंड उघडलं.

"उसनी आहे," त्या म्हणाल्या.

रेवता उठली. तिने चपला घातल्या, फ्रॉक खाली ओढला, आणि कोणी न्यायला येईल म्हणून दोन्ही हात पुढे करून वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.