दक्षिणमुखी घराचं हळदीकुंकू

चामराजपेटेतलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा बाजार अगदी थंड होता. एजंट नागराज दर रविवारी एखादं जोडपं घेऊन यायचा. ते नळ सोडून बघायचे, दार दक्षिणेला म्हणून नाक मुरडायचे आणि ‘कळवतो’ म्हणून जायचे. माझं डोकं फिरायचं. तरी घरी आलेल्या बाईला तसंच कसं पाठवायचं? प्रत्येकीला मी उंबऱ्यापाशी हळदीकुंकू लावायचे, फूल द्यायचे.

‘अक्का, एवढा मान दिलात की त्यांना भाव पाडून मागायची लाज वाटते. मग त्या परत येतच नाहीत,’ नागराज कुरकुरायचा.

‘नको येऊ देत!’

रंजिता मात्र परत आली आणि तिनं घर घेतलं. खरेदीखत झालं. आठवड्यानं सामान हलवून मी तिच्या हातात किल्ल्या ठेवल्या आणि चपला घालू लागले.

‘स्वल्प थांबा, अक्का,’ असं कानडी वळणानं म्हणत ती आत गेली आणि आपला करंडा घेऊन आली. त्याच उंबऱ्यापाशी तिनं मला हळदीकुंकू लावलं, हातात शेवंतीचं फूल दिलं.

‘येत जा हं,’ ती म्हणाली.

सह्या आठवड्यापूर्वीच झाल्या होत्या. पण घर माझ्या हातून गेलं ते तिनं मला पाहुणीसारखं कुंकू लावलं तेव्हा.