लांब पाठ

"रेकॉर्डिंग नको," सुमित्राबाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगमधे ते जिवंत आहेत. त्यांच्याच फोटोपुढं त्यांचाच आवाज लावायचा? मला नाय ऐकवणार. तुमी या, नि तुमी म्हणा."

किसन गमरेने हातातला कप खाली ठेवला. मधुकर गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्याची बायको सुमित्राबाई पहिल्यांदाच किसनच्या घरी आल्या होत्या. किसनची बायको रखमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती; आत जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं.

"वहिनी, तो एकट्याचा पाठ नाय. तुमाला म्हायतीय."

"हिरामणभावजी आहेत ना."

"हिरामणच्या नाकाला नळी असते दिवसरात्र."

"विचारा तरी. आमचा रूपेश नकोच म्हणतोय. त्याचं म्हणणं, स्मृतिदिनाला बौद्धाचार्यांना बोलवू, वंदना घेऊ, लोकांना जेवायला घालू, झालं. त्याला तुमचं नाव काढलेलं पण चालत नाय. पण ह्यांना त्या पाठाशिवाय दुसरं काय आवडत होतं का हो आयुष्यात?"

किसनने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. सुमित्राबाईंनी ती हो धरली आणि त्या उठल्या.

किसन रबाळ्याच्या एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर होता. मंडणगडकडच्या गावातून कोपरखैरण्यात आला तेव्हा मिसरूड फुटत होतं; आता निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एवढ्या वर्षांत त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली होती. वस्तीतल्या विहारात एक म्हातारे भन्ते राहायला आले. तरुणपणी ते लंकेत शिकले होते. तिथल्या एका जुन्या मठात सुत्तं म्हणायची एक रीत सात-आठशे वर्षं तोंडातोंडी चालत आलेली, आणि ती येणारे आता आपण एकटेच उरलो, असं ते सांगत. पेटी नाही, तबला नाही. नुसते पुरुषांचे आवाज. एकेक अक्षर इतकं लांबवायचं की एका माणसाचा श्वास त्याला पुरत नाही. एकाचा सरत आला की शेजारच्याने अलगद तेच अक्षर उचलायचं. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. मधे कुठेही तुटता कामा नये.

भन्ते त्याला काहीतरी पाली नाव सांगत. वस्ती मात्र त्याला लांब पाठ म्हणे.

किसन कामावर जाता-येता ते ऐकायचा. मग एक दिवस आत जाऊन बसला. त्याच्यामागून त्याचा शेजारी मधुकर आला, शाळेतले तांबे गुरुजी आले, सकपाळ बंधू आले. सहावा हिरामण म्हात्रे. तो कोपरखैरणे गावातला आगरी, किसनच्याच कंपनीत फिटर. बॉयलरच्या आवाजात किसन गुणगुणत असे ते त्याने ऐकलं आणि मागेच लागला. त्याने भन्त्यांना विचारलं होतं, "आमी गाववाले, देवाधर्माचे. मी चालन का?" भन्ते म्हणाले, "पहाटे उठता येतं का?" हिरामणला येत होतं. तेवढ्यावर तो आत आला.

भन्ते गेले, पण सहा जणांनी पाठ सोडला नाही. कुणाचा गृहप्रवेश असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, पांढरे सदरे घालून सहा जण ओळीने बसत. तरुण पोरं कंटाळत, मोबाइल काढत. म्हाताऱ्या बाया मात्र डोळे मिटून ऐकत. मधुकरचा आवाज सगळ्यांत खालचा होता. तो लागला की फरशीवर ठेवलेल्या तळव्यांना कळायचा.

दोन हजार एकवीसच्या मार्चअखेर मुंबईहून एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंचा फोन आला. त्यांना हा पाठ पूर्ण ध्वनिमुद्रित करून ठेवायचा होता. पुन्हा आजार वाढत चालला होता, विहार बंद करायचं घाटत होतं. किसनने सगळ्यांना फोन केले. "येत्या रविवारी नाय केलं तर पुना कधी व्हायचं नाय. आपण काय अमर आहोत का?" हे त्याचेच शब्द.

रविवारी सहाही जण आले. रस्त्यावरचे हॉर्न मशीनमधे येत होते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद केला. मास्क लावून श्वास पुरेना, म्हणून तेही काढले. बाई तोंड झाकून कोपऱ्यात मशीनपाशी बसल्या होत्या. मधुकर सुरुवातीला दोनदा खोकला. "उन्हातनं आलो," म्हणाला. मग सहा जण खांद्याला खांदा लावून दुपारभर एकमेकांचा श्वास उचलत राहिले. इतका चांगला पाठ त्यांनी आधी कधीच म्हटला नव्हता.

आधी मधुकर पडला. मग तांबे गुरुजी. मग थोरला सकपाळ. मधुकरला वाशीत खाट मिळाली तोवर उशीर झाला होता, गुरुजींना ती मिळालीच नाही. हिरामण महिनाभर यंत्रावर राहून परत आला, पण फुप्फुसं जळाल्यासारखी झाली ती झालीच. धाकटा सकपाळ गावी निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. किसनला ताप आला तो सगळ्यांच्या शेवटी, आणि उतरला सगळ्यांच्या आधी.

तिघांना प्लास्टिकमधे गुंडाळून नेलं. त्यांच्यापुढे कुणी काही म्हटलं नाही.

वस्तीत किसनला कुणी एका शब्दाने बोललं नाही. कुणी शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. लोक चहा विचारायचे, तब्येत विचारायचे. विहारात तो मागच्या रांगेत बसे आणि वंदनेला नुसते ओठ हलवी. बाईंनी पाठवलेलं रेकॉर्डिंग त्याने कधी उघडलं नाही. बॉयलरपाशी तो गुणगुणेनासा झाला. रखमा एकदा म्हणाली होती, "रडा तरी एकदा." तो म्हणाला, "मी कोण रडणारा?"

सुमित्राबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी तो हिरामणकडे गेला. हिरामण खिडकीपाशी खुर्चीत होता. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. त्याची बायको पुतळा दारातच म्हणाली, "भावजी, कया सांगायला आलाव ते ठाव हाय मना. सुमित्राबाईंचा फोन आलता. नाय जमाचा त्यांना."

"मी पण तेच सांगायला आलोय," किसन म्हणाला.

"कोन बोलला नाय जमाचा?" हिरामण आतून म्हणाला. एवढ्या वाक्यात त्याला दोनदा थांबावं लागलं. "मधुकरसाठी... मना येवाचा हाय."

"हिरामण, दहा पावलं चालवत नाय तुला."

"चालाचा नाय ना. बसाचा हाय." तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "तू म्हन. तुझा दम सरला का... मी धरीन. तू दम घेशील तवर. तेवढाच."

पुतळा आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

स्मृतिदिनाला हिरामणला रिक्षातून आणलं. सुमित्राबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. इमारतीतल्या चार पोरांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. किसन छोटा सिलिंडर घेऊन मागून चढला. दारात रूपेश उभा होता. मधुकरचा एकुलता मुलगा, तिशीतला, तुर्भ्याच्या कंपनीत सुपरवायझर. त्याने हिरामणच्या पायाला हात लावला. किसनकडे बघितलं नाही.

घर भरलेलं होतं. मधुकरच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार, पुढे मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, वंदना झाली. मग सुमित्राबाई किसनकडे बघून म्हणाल्या, "आता तुमी."

किसन पुढे जाऊन बसला. शेजारी खुर्चीत हिरामण. चार वर्षांनी त्याने तोंड उघडलं. आवाज आला, त्यालाच आश्चर्य वाटलं. जुना, रुंद, थोडा गंजलेला. दोन म्हाताऱ्या बायांनी डोळे मिटले. सुमित्राबाईंनी पदर तोंडाशी नेला. पहिलं अक्षर लांबत गेलं, श्वास सरत आला, आणि किसनने डाव्या बाजूला मान किंचित झुकवली. त्या बाजूला मधुकर बसायचा.

हिरामणने उचललं. क्षणभर खरंच उचललं. पातळ, थरथरता, पण नेमका तोच सूर. किसनने घाईने श्वास भरला आणि परत धरला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी हिरामणने उचललेला सूर मधेच फाटला आणि त्याला ढास लागली. खोकताना तो अर्धा उठला, नळी निघाली, ओठ निळसर पडले. किसन म्हणतच राहिला, कारण थांबायचं नसतं हेच तो शिकला होता. श्वास संपला. तरी तो छातीत काही उरलंय का ते खरवडत राहिला. मग नुसतीच हवा.

"बास," रूपेश म्हणाला. "बास करा, काका."

तो पुढे आला, त्याने हिरामणची नळी नीट लावली, सिलिंडरची चावी वाढवली, त्याची पाठ चोळली. बौद्धाचार्यांनी समजूतदारपणे नेहमीच्या चालीत, भराभर, पुढची गाथा सुरू केली. सगळ्यांनी आवाज मिळवला. सुमित्राबाई फोटोकडे बघत बसल्या होत्या. किसन उठला तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

पानं मांडली जात होती. हिरामणला पुन्हा खुर्चीतून खाली नेलं. किसन मागून उतरत होता, तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रूपेशने त्याला हाक मारली.

"काका, थांबा."

किसन थांबला. आता तो बोलेल, असं त्याला वाटलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते बोलेल.

रूपेश कठड्याला टेकून उभा राहिला. वरून ताटांचे आवाज येत होते.

"त्या दिवशी सकाळी बाबांच्या अंगात ताप होता," तो म्हणाला. "आईला माहीत नाही. मला म्हणाले, कोणाला बोलू नको. आज मी नाय गेलो तर किसन्या एकटा पडेल. मीच त्यांना तापाची गोळी दिली. मीच बाइकवर विहारात सोडलं. मास्क नीट लावा म्हणून सांगितलं आणि मॅचला गेलो. गुरुजी गेले, सकपाळकाका गेले. हिरामणकाका असे झाले. तुम्हाला बघितलं ना, की मला ते सगळं... तुमचा राग नव्हता हो. माझं मलाच..."

मधुकरसारखाच रुंद चेहरा, पण डोळ्यांखाली काळं. चार वर्षं हा पोरगा झोपला नसेल, हे किसनला दिसलं. कारण असा चेहरा तो रोज दाढी करताना बघत होता.

"तसं नाय ते," किसन म्हणाला.

"काय तसं नाही?"

"ताप मला आधी आला होता. शुक्रवारपासून होता अंगात. मी कुणाला बोललो नाय. रेकॉर्डिंग रद्द झालं असतं. शनिवारी मधुकर माझ्याकडं बसून गेला, दोन तास. त्याला माझ्याकडनंच लागला."

शुक्रवारी किसन दोन पाळ्या करून ठणठणीत घरी आला होता. शनिवारी मधुकर त्याच्याकडे फिरकलाही नव्हता. पण बोलताना किसनची नजर रूपेशवरून ढळली नाही.

"शुक्रवारपासून?" रूपेश म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही सगळ्यांना बोलावलंत? खिडक्या लावून बसवलंत?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

रूपेशने हात उचलला, आणि किसनला वाटलं, मारेल. तो हात त्याने स्वतःच्याच केसांतून फिरवला. कितीतरी वेळ तो जोरजोरात श्वास घेत होता, लांब पळून आल्यासारखा. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षं मी... जा तुम्ही. आईला मी सांगणार आहे. परत आमच्या दारात यायचं नाही."

"नाय येणार."

किसन जिने उतरला. खाली रिक्षा थांबली होती. हिरामण मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. रंग जरा परत आला होता. किसन शेजारी बसला आणि त्याने सिलिंडर पायांमधे उभा धरला.

"काय बोलत व्हता पोऱ्या?" हिरामणने विचारलं.

"काय नाय. जेवून जा म्हणाला."

"मंग जेवाचा व्हता." हिरामण हसायला गेला आणि हसण्यात दम गेला. जरा वेळाने म्हणाला, "दोनदा धरला ना मी?"

"दोनदा धरलास."

"नीट व्हता?"

"अगदी नीट होता."

पुढे गतिरोधक दिसला तसा किसनने सिलिंडरला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "भाऊ, जरा हळू घ्या. पेशंट आहे."