दोघांचा एकच भोंगा

मी चिमूरच्या लच्छूचा भोंगा बोलतोय. बोलणं हेच माझं काम, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. आज माझं स्वतःचं सांगतो.

माझं अंग ॲल्युमिनियमचं आणि तोंड परातीएवढं. लच्छूने मला नागपूरहून एसटीच्या टपावर बांधून आणलं. मागे युनिट, खाली ॲम्प्लिफायर, शेजारी बॅटरी आणि एक चकाकणारा माईक, एवढाच माझा संसार. लग्न, जयंती, गणपती, सगळीकडे मी गेलो. झाडीपट्टीच्या नाटकांत तर मी मनसोक्त रडलो. माणसांची एक खोड मला तेव्हाच कळली. माईक हातात आला की माणूस आधी त्यात फुंकर मारतो, मग "हॅलो हॅलो" करतो, आणि मग मनातलं सोडून भलतंच बोलतो.

म्हणूनच पंच्याऐंशीची विधानसभा माझ्या लक्षात राहिली. त्या वेळी दोन माणसं माझ्यातून मनातलं बोलली.

आमच्या भागात एक लहानसा पक्ष होता. शेतकरी, मजूर आणि तेंदूपानं तोडणाऱ्या बायांनी चालवलेला. त्याच्या बैठका लच्छूच्या दुकानामागच्या खोलीत होत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. तिकीट हरिदासभाऊंनाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. भाऊ मूळचे भिसीच्या शेतकऱ्याघरचे, वरोऱ्याला वकिली करायचे. बोलणं गोड, ओळखी भरपूर.

"उमेदवार हरिदासच," पक्षाचे म्हातारे पुढारी नानाजी म्हणाले. "यावर काय बोलाचं राह्यलं?"

"राह्यलं नं, भाऊ," मागून एक बाई उठल्या. "मले बी उभं राहाचं हाये."

त्या मासळच्या गिरजाबाई. छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या. आता तेंदूपानाचे पुडे मोजून घेतात त्या फडीवर बायांची बाजू मांडायला त्याच पुढे असायच्या.

नानाजी चिडले. "निवडणूक तोंडावर आली. आपणच आपल्या माणसाले झोडपलं तं समोरचे टाळ्या वाजवतीन."

"आन् नाई झोडपलं तं समोरचे सोडतीन का?" बाई म्हणाल्या. "त्याहीचा मार पयल्यांदा खाण्यापरीस घरचा आधी खाल्लेला बरा."

हरिदासभाऊ मग म्हणाले, "होऊ द्या. पण बंद खोलीत नाई. गावोगाव दोघंही बोलू. मंग कार्यकर्ते ठरवतीन."

"भोंगा एकच हाये माह्याजवळ," लच्छू दारातून म्हणाला.

"मंग पाळीपाळीनं बोलू," गिरजाबाई हसल्या.

असा मी दोघांचा झालो. एकाच जीपवर, एकाच दोरीने बांधलेला. नेरीला आणि शंकरपूरला दोघंही जपूनच बोलले. एकाने रस्त्याचं सांगितलं, दुसरीने दवाखान्याचं. लोक सुपारी कातरत ऐकत होते.

मासळला मात्र वेगळं घडलं. त्या गावात आधी आग लागून घरं जळाली होती. घरं पुन्हा उभी करायला माणसांनी जंगलातून वाशांसाठी बल्ल्या तोडून आणल्या. जंगल नाक्यावर वनखात्याच्या साहेबाने त्यांच्या बैलबंड्या अडवल्या, बैलांसकट. तेव्हा हरिदासभाऊंनी जाऊन त्या सोडवल्या होत्या. गावात त्यांचं नाव झालं होतं ते त्यामुळेच.

गिरजाबाईंनी माईक घेतला. फुंकर मारली नाही.

"हरिदासभाऊनं बंड्या सोडवल्या, हे खरं हाये. पण कशा सोडवल्या? आमच्या माणसाईले त्या साहेबापुढं हात जोडाले लावले. 'चूक झाली म्हणा, सोडते तो,' असं आमचाच वकील बोलला. जळालेलं घर बांधाले बल्ल्या आणल्या, त्यात काय चूक होती? जो आपल्याच माणसाले झुकवते, तो मुंबईत जाऊन ताठ कसा उभा राहीन?"

माझा पत्रा थरथरला.

हरिदासभाऊ उठले. "पाऊस तोंडावर होता. बैलं उपाशी होते. मले वाटलं..." एवढंच बोलून त्यांनी माईक खाली ठेवला. लोक एकेक करून उठून गेले.

परतीच्या वाटेवर लच्छू म्हणाला, "भाऊ, हे बंद करा आता. तब्येत बिघडली म्हणा."

"नाई. ते खोटं असतं तं मले राग आला असता," भाऊ म्हणाले. "आपण पुन्हा मासळले जाऊ."

आणि ते गेले. आधी माझ्याशिवाय, पायी, घरोघर. मग सभा घेतली. त्यांचा तो गुळगुळीत कोर्टातला आवाज कुठे गेला कोण जाणे. माझ्यातून एक खरखरीत, अडखळणारा माणूस बोलत होता.

"मी बायनाबाईच्या घरी बसलो होतो. त्याईचा मालक त्या दिवशी हात जोडणाऱ्यात होता. तवापासून तो नाक्यावरून जातच नाई. बजाराले जाले जंगलातून फेरा घेते. बंडी सुटली, पण तो माणूस तिथंच अटकून हाये. मले हे ठाऊक नव्हतं. मी इचारलंच नव्हतं. यापुढं कोणाची बंडी अडली तं मी नाक्यावर तुमच्यासंग बसीन, आन् कोणाले चूक झाली म्हणू देणार नाई."

टाळ्या पडल्या नाहीत. पण उठूनही कुणी गेलं नाही. बायनाबाईंनी पुढे येऊन त्यांच्या हातात पाण्याचा लोटा दिला.

मग पक्षातलं मतदान झालं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दोन मडक्यांत खडे टाकले. हरिदासभाऊ जिंकले, पण अगदी थोडक्यात. गिरजाबाईंनी हात जोडून त्यांचं अभिनंदन केलं आणि घरी गेल्या. त्यांच्या माणसांनी मात्र तोंडं फिरवली. दोन्ही बाजू एकमेकांच्या येण्याची वाट पाहत बसल्या आणि दिवस निघून गेले.

खरा प्रचार सुरू झाला तेव्हा भिसीच्या बाजारात समोरच्या पक्षाची जीप आली. माझ्यापेक्षा मोठे दोन भोंगे तिच्यावर. त्यांतून एक ओळखीचा आवाज आला आणि मी हादरलो.

"जो आपल्याच माणसाले झुकवते, तो मुंबईत जाऊन ताठ कसा उभा राहीन?"

गिरजाबाईच! कुणीतरी मासळची सभा टेप केली होती. माझ्याच तोंडून निघालेले शब्द ते दुसऱ्याच्या तोंडून गावोगाव वाजवत होते. "त्याहीचीच बाई म्हणते!" असं ओरडत होते. लोक हसत होते. नानाजी जीपमध्ये कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी?"

हरिदासभाऊ जीपमधून उतरले आणि थेट मासळची वाट धरली. गिरजाबाईंच्या अंगणात ते काय बोलले ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा जीपवर दूर रस्त्याला होतो. एवढंच दिसलं की भाऊ ओट्यावर बसले, बाई बराच वेळ उभ्याच राहिल्या, आणि शेवटी त्याही बसल्या.

पुढच्या बाजारी, नेरीला, गिरजाबाई एका बंडीवर चढल्या. समोरून त्यांचीच टेप वाजत होती. त्यांनी ती पूर्ण वाजू दिली. मग माझ्यातून बोलल्या.

"ऐकलं नं? हा आवाज माहाच हाये. मी बोलली, आन् आजही तो शब्द मांगं घेत नाई. पण टेपवाल्यानं अर्धंच आयकवलं. त्याच्यानंतर हरिदासभाऊ आमच्या गावात आले, दारोदार बसले आन् चुकलो म्हणाले. टेपवाल्याच्या उमेदवाराले कोणी काई इचारलं का? त्याचं नाव कुठी ठरलं, कोणाले ठाऊक हाये का? मी हरिदासभाऊले समोरासमोर इचारू शकली, म्हणूनच मी याच्यासाठी मत मांगून राह्यली."

इतकं मोठ्याने मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. पलीकडची जीप टेप बंद करून निघून गेली.

तरी आम्ही हरलो.

निकालानंतर दुकानामागच्या खोलीत सगळे मान खाली घालून बसले. नानाजी म्हणाले, "आपसात लढलो, म्हणून पडलो."

"जंगलाकडची गावं पाहा, भाऊ," हरिदासभाऊ म्हणाले. "तिथं आपल्याले कधी एवढी मतं पडली होती? जिथं आमी दोघंही बोललो तिथं जिंकलो. जिथं नुस्ती टेप पोचली तिथं पडलो. लढलो हे चुकलं नाई. लढाई झाल्यावर मी बाईच्या दारी उशिरा गेलो, ते चुकलं."

"मी बी आली नाई," गिरजाबाई म्हणाल्या.

नानाजींना ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण ते उठून गेले नाहीत.

आता नव्वद साल उजाडतंय. शंकरपूरच्या रस्त्यावर जीपवरून पडल्यापासून माझ्या कडेला पोचा आहे, आवाज थोडा फाटतो. लच्छूने नवी जोडी आणली आणि मला खुंटीला लावलं. पुन्हा निवडणूक आली आहे. या वेळी हरिदासभाऊ आणि गिरजाबाई दोघांनाही आव्हान द्यायला नेरीची कमळा उभी राहते म्हणते. खोलीत पुन्हा तोच सूर निघतोय, की या खेपेला गुपचूप एक नाव ठरवून टाकू, उगाच बोभाटा नको.

खुंटीवरून मी सांगतो, ऐका. जो पुढे आहे त्याला आधी तुम्हीच विचारा, भर सभेत विचारा. उत्तर देता येत नसेल तर तो तुमचा उमेदवार नाही. आणि उत्तर मिळालं, कौल लागला, की त्याच दिवशी एकमेकांच्या दारी जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

मला खाली काढा. पोचा पडला तरी माझं तोंड अजून उघडं आहे. लच्छू, बॅटरी भरून ठेव. पहिली पाळी कमळेला दे.