विसरलेला उणे

"बाई, कागाबासर मागच्या बाकावर येऊन बसलेत," पहिल्या बाकावरची कोमुंताले कुजबुजली.

"बसू दे. वीस वर्षांपूर्वीही तिथेच बसायचा. तेव्हाही उशिराच यायचा."

वर्ग खुदखुदला. कोबुगाबेबाईही हसल्या, पण खडूवरची बोटं घट्ट झाली. आता हेडमास्तर झालेल्या या विद्यार्थ्यानं सोमवारी मान खाली घालून सांगितलं होतं, "बाई, हल्ली फळ्यावर चुका होताहेत. मुलींचं शेवटचं वर्ष आहे. मी एक तास बसून बघतो, मग ठरवू."

आज पहाटे जपमाळ ओढताना बाईंनी दुसरं काही मागितलं नव्हतं. i चा वर्ग उणे एक असतो, एवढं आठवू दे बाबा, इतकंच.

"जोडीचा वर्ग करताना कोण हरवतं गं?"

"मधलं, बाई!"

"हां. मधलं म्हणजे घरातली मधली लेक. जेवायला बसलं की तिचंच ताट मांडायचं राहतं."

त्यांनी लिहिलं: (३ + २i)² = ९ + १२i + ४.

मुलींची पेनं थांबली. 'चुकलं' हा शब्द इथे चालत नसे. इकडे टोरो प्रांतात प्रत्येकाला नावाखेरीज एक मायेचं नाव असतं. चूक दिसली की ते हळूच घ्यायचं. ज्यानं त्यानं आपलं पाहावं. नियम बाईंचाच.

"अमूटी," कोमुंतालेनं बाईंचं मायेचं नाव अगदी हळू घेतलं.

बाईंनी पाहिलं. "अगं बाई! चार वजा व्हायला हवेत." अधिकाचं चिन्ह बोटानं पुसून त्यांनी उणे केलं. उत्तर ५ + १२i. "माझीच परीक्षा घेता काय गं?"

मुली हसल्या. दुसरं गणित, (१ − ४i)², बाईंनी झरझर सोडवलं. कुणी काही बोललं नाही. घंटा झाली, वह्या टेबलावर आल्या, मुली जेवायला पळाल्या.

बाईंनी कागाबाला त्याच्या मायेच्या नावानं हाक मारली, "पाहिलंस ना अराली? एकच चूक, तीही माझ्या पोरींनी धरली. परीक्षेपर्यंत तरी राहू दे रे मला."

कागाबानं फळ्याकडे पाहिलं. मग शाळकरी असताना म्हणायचा, त्याच आवाजात म्हणाला, "अमूटी."

बाई फळ्याकडे वळल्या. १ − ८i + १६. खाली उत्तर, १७ − ८i. पुन्हा अधिकच.

त्यांनी वरची वही उघडली. −१५ − ८i. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे −१५. पोरींनी आपापल्या वहीत गुपचूप नीट करून घेतलं होतं. दुसऱ्यांदा हाक कुणीच मारली नव्हती.

"गुणाच्या आहेत रे," बाई वही मिटत म्हणाल्या. "नव्या मास्तरांना सांग, यांच्यावर ओरडायचं नाही."

फळ्याशी जाऊन त्यांनी तो अधिक पुसला, उणे काढला, खालचं उत्तर बदललं. खडूची पेटी अरालीच्या हातात दिली.

बोटांवरचा खडू मात्र त्यांनी झटकला नाही.