जाड पानांची जुडी

कियोनोनं सूचनांची फळी फुमिएच्या दाराला टेकवून ठेवली आणि पाऊल न वाजवता ती मागे वळली. गावाची ही फळी घरोघर फिरते. वाचायची, आपला शिक्का मारायचा आणि शेजारणीच्या हातात द्यायची. पण मे महिन्यापासून ऑक्टोबर उजाडला तरी कियोनोनं ती एकदाही हातात दिली नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई शेजारच्या अंगणातून चोरासारखी पळत होती, आणि ते तिचं तिलाही कळत होतं.

"ताई, फळी ठेवून पळू नका! इकडे या जरा. माझ्या एकटीच्यानं हे निघत नाहीये."

घराच्या बाजूच्या वाफ्यात फुमिए फावड्यावर पाय रोवून उभी होती. समोर उरुईचा भलाथोरला गड्डा, पानं पिवळी पडून जमिनीवर लोळलेली. शहरातले लोक या झाडाला होस्टा म्हणतात आणि शोभेला कुंडीत लावतात. इथे यामागाताच्या डोंगरात बर्फ वितळलं की त्याची कोवळी पानं तोडतात, उकडतात आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण, लावून खातात.

कियोनो नाइलाजानं वाफ्यापाशी गेली. हा गड्डा तिनंच दिलेला. चाळीस वर्षांपूर्वी फुमिए लग्न होऊन आली तेव्हा डोंगर चढायला घाबरायची, म्हणून कियोनोनं तो आणून तिच्यापुढे टाकला होता. वर दरवर्षी टोमणा ठरलेला, "वाफ्यातली उरुई खाण्यापेक्षा माणसानं नुसतं पाणी प्यावं." ती स्वतः डोंगरावर जायची आणि तिथून आणलेल्या जुड्या शेजारीपाजारी वाटायची. त्याचा तिला कोण अभिमान!

उरुईच्या शेजारीच, अगदी तशाच कोंबांची एक विषारी वनस्पती उगवते. पन्नास वर्षं कियोनोचे डोळे फसले नव्हते, यंदा मे महिन्यात फसले, आणि ती जुडी फुमिएच्या घरी गेली. भाजी खाल्ल्यावर अर्ध्या तासात फुमिए ओकायला लागली, हातपाय बधिर झाले, तीन दिवस ती इस्पितळात होती. त्यानंतर आठवडाभर गावाच्या भोंग्यावरून रोज सकाळी इशारा दिला जात होता. कुणाचं नाव घेत नव्हते आणि घ्यायची गरजही नव्हती.

मुलाला बरोबर घेऊन, मिठाईचा डबा पुढे ठेवून, कियोनो फुमिएच्या घरी चटईला कपाळ टेकवून माफी मागून आली होती. फुमिएचा नवरा शोझो हसून म्हणाला होता, "तुमच्या भाजीनं काही झालं नाही हो तिला. परत आल्यावर माझ्या हातचा भात खावा लागला, तो खरा विषप्रयोग!" सगळेच भले वागले. नशीब, ती जुडी तुमच्या घरी राहिली नाही, असंही कुणी कुणी म्हणालं. कियोनो मान खाली घालून ऐकत राहिली. त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं.

दोघींनी मिळून गड्डा उचकटून बाहेर काढला. फुमिएनं माती झटकली, मुळांवर पाणी ओतलं आणि जुनी करवत घेतली.

"आधी डोळे मोजायचे. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन तरी हवेत, आणि खाली मुळं."

"बी टाकून नाही येत का गं?" कियोनोनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"येतं की. पण बियांचं कसं निघेल त्याचा नेम नाही. आणि चार-पाच वर्षं थांबायचं. गड्डा फोडला की जसाच्या तसा. आई तशी लेक."

करवत कुरकुरत चालली होती. कियोनोनं गड्डा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. फुमिएचं मनगट तिला जवळून दिसलं. किती बारीक झालं होतं.

"फुमिए, त्या दिवशी मी जुड्या बांधताना..." तिनं गड्डा करवतीकडे वळवून धरला. "कोवळी पानं आमच्या घरी ठेवली. जाड होती ती तुझ्याकडे पाठवली."

फुमिएची करवत थांबली नाही.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चाळीस वर्षं तुमच्याकडून जाडच येतात, ताई. म्हणून तर शंका आली नाही. पानं जाड दिसली, म्हटलं, नेहमीचीच आहेत. टाकली पाण्यात."

कियोनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. भोंग्यावरून नाव पुकारलेलं परवडलं असतं. चाळीस वर्षं ही बाई दारात येऊन, दोन्ही हातांनी जुडी घेऊन, वाकून आभार मानत होती.

गड्ड्याचे चार तुकडे झाले. मधला जुनाट, लाकडासारखा, त्याला कसाबसा एक डोळा. कडेचे तिन्ही टपोरे. फुमिएनं त्यातला पाच डोळ्यांचा निवडला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पुढे केला.

"अगं, हा तुला ठेव. मला तो मधला दे."

"धरा." फुमिएनं मधला तुकडा आपल्याच खड्ड्यात ठेवला आणि पायानं माती लोटली. "दोन वर्षं एकही पान तोडायचं नाही. मुळं धरू देत. तिसऱ्या वर्षी जुडी बांधून माझ्याकडे आणा."

ती कंबर धरून उभी राहिली.

"कोवळी आणा."

पुडकं काखेत धरून कियोनो दारापाशी गेली, टेकवलेली फळी उचलली, परत वाफ्यापाशी आली आणि फुमिएच्या चिखलानं भरलेल्या हातात दिली.