इंदुआत्याचा अडसर

असं करा बाळांनो, थोडा वेळ जमिनीवर पालथे पडा. हनुवटी मातीला टेकवा. समजा, ती माती मिठागराच्या बांधावरची आहे आणि ओठाला लागली तर खारट लागते. आणि समजा, तुमच्या नाकासमोर एक मोटार उभी आहे आणि तुम्ही तिच्या पोटाखाली बघताय. काय दिसतं? घाई करू नका. शेवंतीलाही पहिल्यांदा काळोख आणि तेलाचे डाग यांपलीकडे काही दिसलं नव्हतं.

शेवंती भाईंदरजवळच्या मोरव्याची, नऊ वर्षांची. गोष्ट १९६८ सालची, चैत्रातली. तिचे बाबा पुंडलिक यांचं खाडीकाठी मिठागर होतं. मीठ वाहायला त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप आणली होती. पुढे दोघांना बसता येईल एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. गाडी आली तसे बैल विकले गेले. त्यामुळे मिठागराचं सगळं काम आता त्या एका गाडीच्या जिवावर चालायचं.

त्या सकाळी गाडी मागे घेताना घात झाला. खाडीत मचवा उभा होता आणि त्यात गोणी चढवायच्या होत्या. रत्नागिरीहून नुकताच कामाला आलेला ड्रायव्हर लवू गाडी बांधाच्या कडेपर्यंत मागे नेत होता. कडेची माती ढासळली आणि मागची दोन्ही चाकं खाडीच्या चिखलात उतरली. पुढची दोन बांधावर, कोरड्या जमिनीवर राहिली.

आदल्या दिवशी पौर्णिमा होती. म्हणजे दुपारी मोठं उधाण येणार. पाणी आज बांधाला लागणार हे मिठागरावर शेवंतीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. खारं पाणी एकदा इंजिनात शिरलं की गाडी भंगारात घालायची.

गोणी उतरवल्या. चाकाखाली फळ्या घातल्या, मचव्यावरचं एक मोडकं वल्हं घातलं. माणसांनी जोर लावला. चाकं जागच्या जागी फिरली आणि सगळ्यांची तोंडं चिखलानं माखली.

"काय रे लवू, रत्नागिरीला तू होडी चालवत होतास काय?" पुंडलिक ओरडले.

"होडी असती तर बरं झालं असतं, काका," लवू डोळे पुसत म्हणाला. "पाणी आलं की आपोआप तरंगली असती."

कुणी हसलं नाही. लवूही हसला नाही.

"फोर-व्हील टाक ना मग! लष्कराची गाडी हाय ती."

आता हे फोर-व्हील काय, ते सांगतो. एरवी इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना जातो आणि ती गाडी ढकलतात. चिखल लागला की ड्रायव्हरनं केबिनमधला एक वेगळा दांडा ओढायचा. मग जोर पुढच्या चाकांनाही मिळतो आणि ती गाडी ओढायला लागतात. पुढची चाकं तर कोरड्या जमिनीवर होती. म्हणजे आज नेमकं हेच हवं होतं.

"टाकलंय, काका. मघापासून टाकलंय."

"मग ओढत का न्हाय?"

शेवंती पुढच्या चाकाशी उभी होती. तिनं मिठाचा एक खडा उचलला आणि चाकाच्या वर, टायरच्या खाचेत ठेवला. "लवूदादा, आता चालू कर."

इंजिन गुरगुरलं. मागून चिखल उडाला. खडा जिथल्या तिथे.

"पुढचं चाक फिरतच न्हाय," शेवंती म्हणाली. "खडा पडला न्हाय."

लवू खाली उतरला. दांडा पुढेमागे करून झाला, झटके देऊन झाले. "आत गिअरच्या पेटीत काहीतरी तुटलं असणार," तो हळूच म्हणाला. "पेटी खोलायला मुंबईचा मेकॅनिक लागेल." पुंडलिकांनी खाडीकडे बघितलं. मघाशी उघडा असलेला चिखलाचा पट्टा आता अर्धाच दिसत होता.

शेवंती पालथी पडून गाडीखाली बघत होती. लवू तिच्या शेजारी आडवा झाला.

"काय दिसतंय?"

"काही न्हाय."

"मागून सुरुवात कर. चाकांच्या मध्ये तो लोखंडी गोळा दिसतो? तिथपर्यंत इंजिनाचा जोर कसा पोचतो, सांग बघू."

शेवंतीनं डोळे बारीक केले. "मधल्या पेटीतून एक लांब दांडा निघालाय. त्यावरून."

"बरोबर. त्याला शाफ्ट म्हणतात. तो गरगर फिरतो, मग चाकं फिरतात. आता पुढच्या बाजूला बघ. तसाच दुसरा..."

लवू बोलता बोलता थांबला.

"पुढं दांडाच न्हाय," शेवंती म्हणाली.

खरोखरच नव्हता. पेटीच्या तोंडाशी बोल्ट होते, पुढच्या गोळ्याच्या तोंडाशीही होते, गंज धरून घट्ट बसलेले. मधे नुसती हवा. पेटी शाबूत होती. केबिनमधला दांडा ओढला की जोर पुढे जायला निघत होता, पण त्याला वाटच नव्हती.

"काका, पुढचा शाफ्ट कुणी काढला?"

पुंडलिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "धाकूनं," ते म्हणाले. धाकू म्हणजे लवूच्या आधीचा ड्रायव्हर. "गाडी पेट्रोल फार पिते म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. त्यानं काढला. गाडी कधी अडली न्हाय, मी पण विसरलो."

"ठेवला कुठे?"

"आता ते धाकूला ठाऊक. तो गेला वसईला."

शेवंती अजून गाडीखालीच होती. मागच्या शाफ्टचं टोक तिनं हातानं हलवून बघितलं. टोकाशी जोड होता, मान हलावी तसा हलणारा. असं मान हलवणारं लोखंड तिनं रोज हातात धरलं होतं. एकदा त्याच्या टोकाच्या चिंध्या सोडल्या म्हणून परकराला काळं ग्रीस लागलं होतं आणि आईचा मार बसला होता.

"बाबा, हा तर आत्याचा अडसर!" ती ओरडली आणि बांधावरून पळत सुटली.

मिठाच्या कोठाराचं दार अरुंद होतं. बाहेरून दोन लोखंडी आकड्यांत एक जाड दांडा आडवा बसवलेला असे, तोच अडसर. कोठार सांभाळायची ती पुंडलिकांची थोरली बहीण, इंदुबाई. ती दारातच बसली होती.

"आत्या, अडसर दे!"

"का गं? आणि दार कोण धरील, तुझा बाप?"

"तो गाडीचा हाय!"

"धाकूनं भिंतीशी टाकला होता, मी कामाला लावला. तीन वर्सं त्याचं नाव कुणी काढलं न्हाय, आणि आज गाडीचा झाला!" असं म्हणत म्हणत तिनं दांडा उचललासुद्धा. एक टोक तिनं धरलं, एक शेवंतीनं. इंदुबाई वाटभर भावाच्या नावानं बोलत होती, पण पावलं भराभर टाकत होती.

चिंध्या सोडल्या तर आत ग्रीस अजून ओलं होतं. चिंध्या बांधायचं काम धाकूनं नीट केलं होतं. लवू गाडीखाली शिरला. जुने बोल्ट सुटेनात. त्यानं खोबरेल तेल मागितलं, इंदुबाईनं धावत जाऊन आणलं. एक बोल्ट सुटला, मग दुसरा. पाणी मागच्या चाकांना लागलं तेव्हा शाफ्टचं एक टोक बसलं होतं. चाकं निम्मी बुडाली तेव्हा लवू रांगत बाहेर आला.

शेवंतीनं खडा चाकावर नीट ठेवला. "हं."

लवूनं केबिनमधला दांडा ओढला आणि हलक्या पायानं गाडी चालू केली. मागून सगळ्यांनी खांदे लावले. शेवंती खड्याकडे बघत राहिली. खडा थरथरला, पुढे सरकला आणि टपकन मातीत पडला.

"फिरलं! चाक फिरलं!"

पुढच्या चाकांनी माती धरली. गाडी हळूहळू, कुरकुरत वर आली आणि चारही चाकांवर बांधावर उभी राहिली. मागे तिच्या चाकांच्या खड्ड्यांत खाडीचं पाणी भरलं. लवूनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. पुंडलिक मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. मग सगळेच हसले. इंदुबाई पदरानं डोळे पुसत "चिखल गेला डोळ्यात" म्हणाली. ती चिखलाच्या आसपासही गेली नव्हती.

"लवू, मघाशी बोललो ते मनात ठेवू नको," पुंडलिक म्हणाले. आणि मग, सवयीनं, "आता उद्या काढून ठेव तो शाफ्ट. पेट्रोल लय..."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काढणार असशील तर माझा अडसर मला दे," इंदुबाई म्हणाली. "दार उघडं पडलंय तिकडं."

 चिखलातून वर काढून ठेवलेलं ते मोडकं वल्हं शेवंतीनं दोन्ही हातांनी उचललं आणि बांधावरून फरफटत कोठारापर्यंत नेलं. दार ओढून घेतलं, वल्हं दोन्ही आकड्यांत आडवं बसवलं आणि खांद्यानं दार ढकलून बघितलं. हललं नाही. पुन्हा एकदा, जोर लावून ढकललं. मग परकराला हात पुसले आणि ती गाडीकडे पळत गेली.