अंगणातल्या चुलीवरचा पास्ता

अरे ऐका ना, अनसिंगच्या राखीच्या घरी काय झालं! तिचे सासरे रामराव, दिवाळीनंतर त्याईच्या छातीत दुखलं, डॉक्टरनं तेल-तिखट बंद केलं, मीठ कमी केलं, अन् तवापासून तो माणूस दोन घास खाये अन् ताटातच हात धुवे. पंधरा दिवसांत सदरा पार ढिला झालता. पोरगा भागवत रागावे, सासू तुळसाबाई रडे, अन् राखीच्या डोक्यात एकच, मामाजी एक डाव तरी पोटभर जेवले पाह्यजेत.

मग मोबाइलवर तिले एक बाई रांधताना दिसली. मासोळी, पास्ता, टमाटे, लसूण, दोन चमचे तेल, बस! राखीनं लगेच नवऱ्याले वाशीमले पिटाळलं. भागवतनं लांब काड्यांचा पास्ता आणला एक पुडा, अन् मरळ, कमी काट्याची, कापूनच.

"आज समद्याइले हेच," राखीनं सांगून टाकलं. "वेगळा रस्सा नाही."

"मलेही?" भागवतनं इचारलं.

"तुमालेही!"

आता तुळसाबाई माळकरी. त्या घरात मासोळी आत शिजत नाही. मासोळीची कढई वेगळी, चूल अंगणात, अन् ते काम कायम रामरावचं. लग्नाले तीन वर्षं झाली, पण राखीनं त्या चुलीले कधी हात लावला नव्हता. तिनं मोबाइल विटेले टेकवला, जाळ केला अन् आत सासूले आवाज दिला, "आत्याबाई, तेवढा पास्ता गॅसवर उकडून निथळून ठेवता का?"

"मले काय शिकवतं व? जलमभर शेवया केल्या मी!"

राखीनं कढईत मासोळी टाकली अन् लागली हलवायले. तिकडं खाटेवर रामराव भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"हलवू नको."

राखी चमकलीच.

"अव, हलवू नको म्हणतो ना! मासोळी हाय का बेसन हाय? चुरा होईन तिचा."

"मंग उलटवू कवा, मामाजी?"

"तिनं कढई सोडली का."

"ते कसं समजन?"

"सरक तिकडं." अन् रामराव उठले ना! येऊन बसले चुलीपाशी, एक लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला, अन् सराट्यानं एकेक तुकडा असा अलगद उलटवला का राखी पाहातच राह्यली.

"तिखट?"

"नाही."

"तेल?"

"दोन चमचे."

"मंग लसूण तरी घाल ना मूठभर, कंजूस!"

तेवढ्यात तुळसाबाई परात घेऊन बाहेर आली. पास्त्यावर तूप, अन् वरून साखर! पांढरीशुभ्र!

"आत्याबाई, साखर?"

"शेवयाले साखर नाही टाकत तं का हळद टाकतेत?"

पुडा तं एकच होता. राखीच्या डोळ्यात पाणीच आलं. रामरावनं परातीकडं पाह्यलं, बायकोकडं पाह्यलं, अन् असे हासले, असे हासले, का ठसकाच लागला. "रडून कायले राह्यली? तुह्या सासूचं वाटीभर काढून ठेव, बाकीचं गरम पाण्यानं दोनदा धू. अन् निंबू आण."

धुतलं, टमाटे टाकले, निंबू पिळलं. थोडी गोडी राह्यलीच, पण निंबानं सांभाळून घेतली.

ताटं वाढली. राखीनं आपल्या ताटाले हातच नाही लावला, तिची नजर सासऱ्याकडं. रामरावनं एक घास घेतला.

"मीठ कमी हाय."

"डॉक्टरनं..."

"माहीत हाय मले."

दुसरा घास. तिसरा. मिशीले एक काडी लोंबून राह्यली. भागवत काहीतरी बोलायले गेला तं राखीनं त्याले असे डोळे वटारले का त्यानं घासच तोंडात कोंबला. रामराव खाली पाहून खातच होते. पुरं ताट! मग त्याईनं ताट पुढं केलं.

"दोन तुकडे वाढ. अन् भागवत्या, बुधवारी जरा मोठी मरळ पाहून आण. हे लहान होती."

"गोडच चांगलं लागते," तुळसाबाई वाटीत दूध ओतून घेत म्हणे, "तुमी उगीच धुतलं."

राखीनं दोन नाही, तीन तुकडे वाढले, अन् मग कुठं स्वतःचा पह्यला घास घेतला.